पंचवीस लाद्यांचे कोडे

सुमती,

सुनेला पत्र लिहिताना वडीलधाऱ्याने आरंभी ‘आयुष्मती भव’ असा आशीर्वाद लिहावा, ही आपल्या घरातली रीत. तू बाळंतपणाला माहेरी गेलीस तेव्हा मी तो लिहिला होता, आणि तू उलट टपाली कळवलेस की आशीर्वाद सुखरूप पोचला, मेतकूट मात्र वाटेत सांडले. आज लेखणी उचलली आणि पहिल्याच शब्दापाशी हात थबकला. म्हणून नुसते तुझे नाव लिहिले आहे.

मला भय वाटत होते आणि अजून वाटते आहे. सारे आयुष्य शाळेत संस्कृत शिकवण्यात घालवलेल्या, संध्या कधी न चुकवलेल्या माणसाने असे लिहिणे शोभत नाही, हे मी जाणतो. धीराची वचने मला मुखोद्गत आहेत. लोकांच्या घरी दुःखाच्या प्रसंगी जाऊन मी ती म्हटली आहेत. तू गेल्याचे दुःख आहेच, पण दुःखाशी माझी ओळख जुनी आहे. तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हा ते या घरात राहून गेले. भय निराळे असते. या भयाला तर निश्चित आकार होता: पाच आडव्या आणि पाच उभ्या रांगा. आपल्या ओटीवरच्या शहाबादी लाद्या.

तुझा ताप उतरत नव्हता त्या दिवसांतली एक दुपार. तू लेकीला, मेधाला, उशाशी बोलावलेस. मी काढ्याचा पेला घेऊन दारात उभा होतो, म्हणून तुमचे बोलणे माझ्या कानी पडले.

“ओटीवर लाद्या किती गं?”

“पंचवीस. मला काय माहीत नाही होय?”

“प्रत्येक लादीवर एक मूल उभं कर. टाळी वाजली की सगळ्यांनी एकदम हलायचं. पुढे, मागे, डावीकडे नाहीतर उजवीकडे, शेजारच्या लादीवर. तिरकं नाही. आपल्या जागी कुणी थांबायचं नाही. आणि हलून झालं की पुन्हा एका लादीवर एकच मूल.”

“म्हणजे दोघं एका लादीवर नाहीत, आणि रिकामी पण नाही?”

“शहाणी माझी. बघ विचार करून. घाई करू नकोस.”

“आत्ता सांगू एक?”

“नको. शुक्रवारी कानात सांग.”

तो शुक्रवार यायच्या आधीच तू गेलीस.

शुक्रवार हा आपल्या गावाचा कान उघडण्याचा दिवस, असे तू म्हणायचीस. इतर दिवशी यंत्रमागांच्या खटखटाटात शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. शुक्रवारी मागांना सुट्टी, म्हणून संध्याकाळी आपल्या ओटीवर कोड्यांचा वर्ग. कुणाच्याही मुलाला मज्जाव नव्हता. मराठी शाळेतली, उर्दू शाळेतली, मागावर काम करणाऱ्यांची, मागांच्या मालकांची, सगळी मुले चपलांचा दारात ढीग करून आत येत. आणि तुझा तो एकच नियम: उत्तर मोठ्याने सांगायचे नाही. ज्याला उमगले त्याने उठून यायचे आणि तुझ्या कानात सांगायचे. तू डोळे मिटून ऐकायचीस. बरोबर असले तर मान डोलवायचीस, चूक असले तर म्हणायचीस, “जा, अजून थोडं बस त्याच्याजवळ.” मुंजीत बटूच्या कानात मंत्र आम्ही सांगतो, तुझ्या वर्गात मात्र शिष्यच गुरूच्या कानात सांगत होते. मी हे एकदा बोलून दाखवले, तर तू हसून म्हणालीस, “मामंजी, मंत्र तुम्हाला आधीपासून ठाऊक असतो. मला मात्र पोरगं काय सांगणार ते ठाऊक नसतं. म्हणून तर कान पुढे करायचा.”

मला तो वर्ग पहिल्यापासून मान्य होता असे नाही. पाढे घोकून घ्यावेत, रीत समजावून द्यावी, मग उदाहरण घालावे, ही माझी परंपरा. मूल अडले की आपण हात द्यायचा. तू हात द्यायची नाहीस. एखादे पोर कोड्यापाशी रडकुंडीला आले तरी तू समोर तांदूळ निवडत बसून राहायचीस. पडघ्याकडच्या खेड्यातून शिकायला मामाकडे आलेला तो गणू, तोंडाने फटकळ पण मनाने हळवा. त्याला तू एकदा कोडे घातलेस: चार लिटरचे एक भांडे, सहा लिटरचे एक भांडे, त्यांनी बरोबर पाच लिटर पाणी मोजून दाखव. तो बिचारा नळापाशी ओतून भरून, भरून ओतून हैराण झाला. संध्याकाळी डोळे पुसत म्हणाला, “बाई, माझ्या नशिबातच न्हाय हाय गणित.” मी मध्ये पडलो, स्वतः करून पाहू लागलो, आणि ध्यानात आले की हे होणे शक्यच नाही. दोन्ही मापे सम. त्यांच्या ओतण्या-भरण्यातून विषम येणार कुठून?

मी इतका रागावलेला तू मला त्यापूर्वी पाहिले नव्हतेस. मी म्हणालो, ज्याला उत्तर नाही असा प्रश्न लहान मुलाला घालणे हे शिक्षण नव्हे, छळ आहे. विचारणाऱ्यापाशी उत्तर असलेच पाहिजे.

“आहे की उत्तर,” तू शांतपणे म्हणालीस. “‘जमत नाही’ हेच उत्तर. फक्त का जमत नाही ते सांगता आलं पाहिजे. आणि मामंजी, तुम्हीच मला शिकवलंत ना, की तुमच्या नैयायिकांनी अभाव हासुद्धा एक पदार्थ मानला आहे? जमिनीवर घडा नाही, हे ‘नाही’सुद्धा खरोखरीचं असतं, असं तुम्हीच म्हणालात. मी त्या दिवशी केवढी खूश झाले होते!”

“ते शास्त्र आहे. हे दहा वर्षांचे लेकरू आहे.”

“लेकरालाच लवकर कळलं पाहिजे. नाहीतर पुढे जन्मभर दोन भांडी घेऊन नळाशी बसेल.”

माझा लेक श्रीधर मध्ये आला म्हणून तो वाद थांबला. दुसऱ्या दिवशी पूजेची फुले आणून ठेवताना तू म्हणालीस, “बरं, मामंजी. तुमच्या घरात असं कोडं पुन्हा नाही घालणार.” मला वाटले मी जिंकलो. पण तू मान्य केले नव्हतेस. फक्त माझा मान राखला होतास. तो वाद पुन्हा काढून पुरा करावा, असे अनेकदा मनात आले. तू भाजी चिरत असायचीस, मी पोथी उघडून बसलेला असायचो, आणि वेळ पुष्कळ आहे असे वाटायचे.

हे सारे इतक्या विस्ताराने अशासाठी लिहितो, की पुढे जे घडले त्याचा दंश त्यातच आहे.

दहाव्या दिवशी कामवारी नदीच्या काठी आम्ही पिंड ठेवले. मेधा ऐकेना, माझे उपरणे धरून तीही आली. लहान मुलीने येऊ नये असे काही जण पुटपुटले, पण तिच्या मुठीतून उपरणे सोडवण्याची कुणाची छाती झाली नाही. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते. एकही खाली उतरेना. श्रीधर पुढे झाला, हात जोडून म्हणाला, “मेधाला कधी काही कमी पडू देणार नाही.” कावळे जागचे हलले नाहीत. तुझा भाऊ म्हणाला, “भाची सुट्टीत आमच्याकडेच येईल.” काहीही नाही. सूर्य वर आला. गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले, “शास्त्रीबुवा, दर्भाचा कावळा करू या का?” मी स्वतः कितीतरी घरी हा तोडगा सांगितला आहे! पण आपल्यावर वेळ आली की दर्भाच्या कावळ्याने मन मानत नाही. हिचे काय राहिले? कशात जीव गुंतला? आणि मी पुढे होऊन, सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात बोललो: “सुमती, तू मेधाला घातलेले कोडे मी तिच्याकडून पुरे करून घेईन. पंचवीसही मुले हलवून दाखवीन. हे माझे वचन.”

एक कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. तुझ्या भावजयीला रडू फुटले. मी मात्र मेधाकडे पाहिले. ती कावळ्याकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

घरी परतताना तिने विचारले, “आजोबा, आई त्या कोड्यासाठी थांबली होती?”

“इच्छा राहिली असली म्हणजे कावळा शिवत नाही, बाळ. आता शिवला ना.”

“तुम्ही वचन दिलंत म्हणून शिवला.”

“हो.”

“आणि मला आलंच नाही तर? मग ती कुठं जाईल? तिथंच थांबेल? नदीवर?”

सुमती, मी उन्हाचे निमित्त करून तिच्या डोक्यावर उपरणे धरले आणि पाय उचलला.

त्या दिवसापासून मेधा ओटीवरून उठेना. चिंचोके मांडायची, एकेक सरकवायची, शेवटी एक चिंचोका हातात उरायचा, की पुन्हा सगळे गोळा करून पहिल्यापासून. जेवायला बोलावले की दोन घास गिळून परत. ती रडली नाही. तुला नेताना रडली नव्हती, नंतरही नाही. तुझी भावजय म्हणाली, “मुलीला मोकळं होऊ द्या, अण्णा, नाहीतर मनावर परिणाम होईल.” पण मोकळे करायचे कसे? मी जवळ गेलो की ती चिंचोक्यांवर हात आडवा धरायची. “सांगू नका हं! आईनं सांगायचं नाही म्हटलंय.”

सांगण्यासारखे माझ्यापाशी काय होते? मीही देवघरात, पूजा आटोपल्यावर, निर्माल्याच्या तबकातली फुले पाटावर मांडून तेच करीत होतो. अडले की कोडे लहान करून पाहा, हे तूच मुलांना सांगायचीस. म्हणून मी लहान केले. दोन-दोनांच्या चार जागा मांडल्या. फुले गोल फिरली आणि जमले. तीन-तीनांच्या नऊ जागा मांडल्या. जमेना. नऊच फुले, सगळ्या वाटा तपासून पाहता येतात. मी तपासल्या. कोणत्याही वाटेने गेले तरी एक फूल उरायचे, त्याला जागा नसायची. सोळांचे जमले. मग पंचवीस मांडायला माझा हात धजेना. माझ्या पोटाने आधीच ओळखले होते की हे होणारे नाही. का होणार नाही, ते मला सांगता येत नव्हते. पण होणार नाही.

जे होणेच नाही ते करून दाखवण्याचे वचन मी पितरांच्या दारात, साक्षात पिंडापुढे दिले होते, आणि ते स्वीकारले गेले होते.

श्रीधरला मी विश्वासात घेतले. तो कशेळीच्या गोदामातून थकून आला होता. बूट काढता काढता म्हणाला, “बाबा, तिला ताप किती होता ते तुम्ही पाहिलंत. त्याच दिवशी ती मला विचारत होती की मांजराला दूध दिलं का. आपल्याकडे मांजर कुठं आहे? तापात बोलली असेल काहीतरी.”

“मेधाला असे सांगायचे?”

त्याने हातातला बूट खाली ठेवला. “नाही,” म्हणाला. “तिला नका सांगू. आईचं शेवटचं कोडं भ्रमातलं होतं म्हणून नका सांगू तिला.”

म्हणजे माझ्यापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही भयाच्या. एक तर तुझी बुद्धी, जिचा मला लेकीच्या बुद्धीसारखा अभिमान होता, शेवटी विझली होती, आणि एक पोर त्या विझलेल्या बुद्धीचे ओझे घेऊन लाद्यांवर बसली होती. किंवा तू पूर्ण शुद्धीवर होतीस, मला दिलेला शब्द जाणून मोडलास, आणि जमत नाही असेच कोडे, शेवटचे म्हणून, पोटच्या मुलीला घातलेस. कोणते खरे मानू? दुसरे खरे मानले तर मेधाला इतकेच सांगायचे होते की हे होत नाही. पण मग ती विचारणार: मग तुम्ही नदीवर वचन कशाचे दिलेत? आणि पहिले खरे असेल तर? रोज मी जपाला बसायचो, आणि माळ फिरायची, पण ओटीवर चिंचोका सरकल्याचा आवाज झाला की माझे बोट मण्यावर थिजायचे.

या घरात मला असे भय पूर्वी एकदाच वाटले होते. काही वर्षांमागे गावात संचारबंदी होती तेव्हा. गल्ली सुनी, माग बंद, दूरवर कुठे धूर. मी दारे लावून स्तोत्र म्हणत होतो आणि मध्येच माझा श्लोक चुकत होता. मागच्या खोलीत येऊन पाहतो तर तू खिडकी उघडलेली! पलीकडच्या घरातली शबाना, तेव्हा एवढीशी, तिच्या खिडकीत. तू पाटीवर मोठ्या अक्षरात कोडे लिहून धरले होतेस आणि ती बोटांनी उत्तर दाखवत होती. “सुमती, वेड लागले का? खिडकी लाव,” मी ओरडलो. तू म्हणालीस, “मामंजी, ती पोरगी सकाळपासून पलंगाखाली होती. आत्ता बाहेर आली.” पलीकडे शबानाच्या आजीने पडद्याआडून हात हलवला. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. तू खिडकी लावली नाहीस. माझे भय तू नाहीसे केले नाहीस, त्याच्या शेजारी उभे राहून तुझे काम करीत राहिलीस. तेव्हा मी याला साहस समजलो. आता वाटते, तुलाही भय वाटत असणार. मी कधी विचारले नाही.

गोडजेवण झाले, पाहुणे गेले, आणि शुक्रवार आला. माग थांबले. कुणी येईल असे मला वाटत नव्हते. नुकता मृत्यू झालेल्या घरी लोक मुलांना सहसा पाठवत नाहीत. मी दुपारी राममंदिरात जाऊन बसलो. तिथेही चित्त लागेना. परत आलो आणि दारातूनच मला ओटीवर लाल डाग दिसले. मी काठी टाकून पुढे धावलो.

मेधा गुडघ्यांवर बसली होती. हात कोपरापर्यंत लाल. तुळशीवृंदावनासाठी भिजवलेला गेरू तिने चिंधीने लाद्यांना फासला होता. एक लादी लाल, तिच्या शेजारची कोरी, पुन्हा लाल, पुन्हा कोरी, बुद्धिबळाच्या पटासारखे.

“मेधा! हे काय केलेस?”

“थांबा, आजोबा. वाळू दे. पाय नका ठेवू.”

तिच्या चेहऱ्यावर असे काही होते की मी उंबऱ्यातच थांबलो.

आणि मुले आली, सुमती. तुझी सगळी मुले आली. चपलांचा ढीग झाला. शबाना, आता मेधापेक्षा उंच झालेली, ओढणीचे टोक चावत उभी होती. तिनेच विचारले, “आजोबा, आता कानात कुणाच्या सांगायचं?”

मेधा म्हणाली, “आज मोठ्यांदा सांगायचं. उभे राहा एकेका लादीवर.”

मुले उभी राहिली. मेधा लाद्यांच्या बाहेर, भिंतीपाशी. दाराजवळची कोपऱ्यातली एक लादी मोकळी राहिली.

“एक कमी पडतोय,” गणू म्हणाला. “आजोबा, या की. तुमी रहा हितं.”

“अरे, मी...”

“या हो, काय हुतंय! मोजायला तर पायजेत.”

मी सोवळ्याचे धोतर सावरून त्या लाल लादीवर जाऊन उभा राहिलो. शेजारी म्हणून मला डावीकडे, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगवाल्याचा लहानगा मिळाला. तो माझ्याकडे बघून दात काढत होता. आता टाळी वाजेल, आता ढकलाढकली होईल, शेवटी एक जण उरेल, आणि या पोरीला सर्वांसमोर कळेल.

मेधाने टाळी वाजवली नाही. ती म्हणाली, “लालवर जे उभे आहेत त्यांनी हात वर करा.”

मीही केला.

“गणू, मोज.”

“तेरा.”

“आता कोऱ्यावरचे.”

“बारा.”

“गणू, तू लालवर आहेस. हललास तर कशावर जाशील?”

“कोऱ्यावर. चारी बाजूला कोऱ्याच हायेत.”

“आणि शबाना?”

“मी कोऱ्यावर. मी लालवर जाणार. लालच्या बाजूला लाल नाहीच कुठे.” शबाना बोलता बोलता थांबली. तिचे डोळे मोठे झाले. “अरे... सगळे लालवाले कोऱ्यावर येणार. तेरा जण. पण कोऱ्या तर बाराच आहेत.”

कुणीतरी पुन्हा मोजू लागले.

“म्हंजी,” गणू म्हणाला, “ह्ये व्हतच न्हाय?”

“होत नाही,” मेधा म्हणाली. “कुणीही केलं तरी. कसंही केलं तरी. एक जण उरणारच.”

सारी विद्या घेऊन मी ज्याच्या ‘का’पाशी पोचलो नव्हतो, ते तुझ्या लेकीने चिंधी आणि गेरू घेऊन सर्वांना दिसेल असे मांडले होते. आणि तरीही मला वाटत होते, विचारू नका, आता पुढचे कुणी विचारू नका.

शबानाने विचारले. “मग टीचरनी दिलं कशाला? त्यांना माहीत होतं का?”

मेधा भिंतीला टेकली. “आता विचारता येत नाही,” ती म्हणाली.

मग तिने माझ्याकडे पाहिले. नदीवर पाहिले होते तसे. “आजोबा, तुम्ही म्हणाला होतात हलवून दाखवीन. ते तर होत नाही. मग आई तिथंच राहणार का?”

इतकी वर्षे मी वर्गात उभा राहिलो, पण ‘मला ठाऊक नाही’ असे कोणत्याही मुलासमोर म्हटल्याचे आठवत नाही. पिंड, प्रेत, गती, यांविषयी मी जे वाचले ते सारे त्या क्षणी मला स्मरत होते, आणि त्यातले एकही वाक्य मला त्या पोरीच्या डोळ्यांपुढे धरवेना. मी लादीवरून बाजूला झालो, तिच्याजवळ गेलो, आणि सांधे कुरकुरत असताना तिच्यासमोर खाली बसलो.

“मला ठाऊक नाही, मेधा.”

“तुम्हाला पण नाही?”

“नाही. वचन देताना मला ठाऊक नव्हते की हे होण्यासारखे नाही. मला फक्त ती जायला हवी होती, सुखाने. मी फार घाबरलो होतो.”

“आत्ता?”

“आत्ताही.”

कोड्यापाशी बसल्यावर तुझी भुवई जशी एका बाजूला चढायची, तशी तिची चढली.

“पण मी उत्तर दिलं ना,” ती म्हणाली. “का होत नाही ते बरोबर सांगितलं ना?”

“अगदी बरोबर सांगितलेस. मोठ्याने सांगितलेस. सर्वांनी ऐकले.”

“मग तिनं ऐकलं असेल. मग तिला थांबायचं काही काम नाही.” “जाऊ दे तिला, आजोबा.”

आणि ती रडू लागली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. गेरूचे हात माझ्या धोतराला लागले. मी तिला धरून बसलो आणि मलाही आवरेना. मुले हलली नाहीत. ज्यासाठी मी इतके दिवस देवाचा धावा करीत होतो ते रडणे आले होते, आणि तेही मला भिववीत होते, कारण ते थांबेल की नाही हे मला ठाऊक नव्हते.

तेवढ्यात मागून गणू ओरडला, “अरं! आजोबांनी जागा सोडली बगा! आता बारा लाल, बारा कोरं! शबाना, तू माझ्या जागी ये, मी तुझ्या. जोडीजोडीनं बदला रं सगळी!”

“गप रे, ती रडतेय,” शबाना दटावीत होती. पण तिचे पायही उचललेले होते. क्षणभर ओटीवर गलका झाला, पाय वाजले, सायझिंगवाल्याचा लहानगा मागच्या पोरीशी जागा बदलून परत दात काढू लागला. मग सगळे थबकले. प्रत्येक जण नव्या लादीवर होता. कुणी उरला नव्हता. फक्त दाराजवळचा लाल कोपरा मोकळा.

मेधाने माझ्या खांद्यावरून डोके वर काढले. नाक ओढत, ओल्या डोळ्यांनी ती पटाकडे बघू लागली.

“थांबा,” ती म्हणाली. “मी बघितलं नाही. पुन्हा करा.”

त्यांनी पुन्हा केले, सुमती. मला लादीवर परत कुणी बोलावले नाही. मीही गेलो नाही.